दुकानदाराची वही, सरकारचे दप्तर आणि मधली वाट

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने मोबाईल बनवणाऱ्या कंपन्यांना आदेश दिला की, ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासूनच बसवलेले असावे. १ डिसेंबरला या आदेशाचा बोभाटा झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. हरवलेला फोन बंद करणे, आपल्या नावावर किती सिमकार्डे घेतली गेली आहेत ते तपासणे, अशा उपयोगी कामांसाठी हे ॲप आहे; आक्षेप होता तो ते न विचारता खिशात येण्यावर.

त्या तीन दिवसांत अमळनेरला आमच्या नात्यातल्या एका घरी यावरून चांगलीच जुंपली. थोरल्या काकांचे म्हणणे असे की, सरकारने आपल्या खिशात डोकावण्याचे काहीही कारण नाही. त्यावर पुतण्याने त्यांचा फोन हातात घेऊन दाखवून दिले की, काकांनी बॅटरी पेटवण्याचे एक ॲप घेतलेले आहे आणि त्या ॲपला संपर्कयादी, ठिकाण आणि मायक्रोफोन या तिन्हींची परवानगी दिलेली आहे. बॅटरी पेटवायला मायक्रोफोन कशाला लागतो, हे घरात कोणालाच सांगता आले नाही. पुतण्याचे स्वतःचे मत काकांच्या उलट होते: सरकारला कळले तर कळू दे, ते निदान आपण निवडून दिलेले आहे, भीती बाळगायची ती परदेशी कंपन्यांची. दोघांचाही राग खरा होता. मात्र मला ज्या तिसऱ्या गोष्टीची अधिक धास्ती वाटते, तिचा उल्लेख त्या संपूर्ण वादात एकदाही झाला नाही. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी थोडे मागून सुरुवात करावी लागेल.

## गावातल्या तीन वह्या

वैयक्तिक माहिती, म्हणजेच आजच्या बोलण्यातला डेटा, म्हणजे ज्या नोंदीवरून एखादी व्यक्ती ओळखता येते किंवा तिच्याविषयी काही कळते अशी कोणतीही नोंद. नाव, मोबाईल नंबर आणि अंगठ्याचा ठसा यात येतातच; परंतु काल रात्री साडेअकराला आपला फोन कोणत्या टॉवरखाली होता, हीसुद्धा आपली वैयक्तिक माहितीच आहे.

अशा नोंदी ठेवणे नवे नाही. चाळीस वर्षांपूर्वी यावल-रावेरकडच्या कोणत्याही गावात त्या होत्याच. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीवरून कोणाकडे पाहुणे उतरले आहेत आणि कोणाचा हात यंदा आखडला आहे, हे कळत असे. जमीन, पीकपाणी आणि सातबाऱ्यावरचा बोजा तलाठ्याच्या दप्तरात असे. गावात कोण परका आला, कोणाचे कोणाशी वितुष्ट आहे, ही खबर पोलीस पाटलाकडे असे आणि ती वर कळवणे हे महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ नुसार त्याचे कामच आहे. म्हणजे व्यापारीही माहिती ठेवत होता आणि सरकारही ठेवत होते.

फरक इतकाच होता की त्या तीन वह्या तीन वेगळ्या घरांत होत्या. त्या एकत्र वाचायच्या तर कोणाला तरी तिन्ही दारे झिजवावी लागत. शिवाय वह्या भिजत, फाटत, वाळवी लागून जात आणि दुकानदार म्हातारा झाला की त्याच्या डोक्यातला हिशेबही त्याच्याबरोबर जाई. हा विसर त्या काळचे मोठेच संरक्षण होते. ते कोणी कायदा करून दिलेले नव्हते, त्यामुळे ते गेले तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही.

आज नोंद पुसण्यापेक्षा ती ठेवून देणे स्वस्त पडते. किराण्याचे पैसे, दवाखान्याची वेळ, मुलीच्या शाळेचा गट आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी, जिच्यासाठी शेतकरी आपल्या बांधावर उभा राहून पिकाचे छायाचित्र ठिकाणासह पाठवतो, हे सगळे एकाच फोनमधून जाते. तिन्ही वह्या लिहिणारी दौत एकच झाली आहे.

## रुमालाखालचा सौदा

‘आमचे बोलणे कोणी ऐकू शकत नाही, त्याला कुलूप आहे’, असे संदेशवहनाच्या ॲप कंपन्या सांगतात आणि बहुतेकदा ते खरेही असते. व्हॉट्सॲपवर एप्रिल २०१६ पासून असे कुलूप आहे. पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज मधल्या कोणालाही, अगदी त्या कंपनीलाही, मजकूर वाचता येत नाही. मग काळजी कसली?

गुरांच्या बाजारात बैलजोडीचा सौदा करताना दोन दलाल रुमालाखाली हात घालतात आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरवतात. आकडा भोवतीच्या कोणालाही दिसत नाही. परंतु कोणी कोणाच्या हातात हात दिला, तो किती वेळ ठेवला, आधी तो कोणत्या दावणीला थांबला होता आणि नंतर दोघे मिळून चहाला गेले की तोंड फिरवून निघाले, हे साऱ्या बाजाराला दिसत असते. जाणता माणूस एवढ्यावरून भावाचा बराचसा अंदाज बांधतो.

रुमालाबाहेरच्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात: कोण, कोणाशी, केव्हा, किती वेळ आणि कुठून. आपल्या मोबाईल कंपनीकडे प्रत्येक कॉलची अशी नोंद असते आणि डिसेंबर २०२१ मध्ये बदललेल्या परवान्याच्या अटींनुसार ती किमान दोन वर्षे जपून ठेवणे कंपनीवर बंधनकारक आहे. पोलीस ज्याला ‘सीडीआर काढणे’ म्हणतात ते हेच. पाचोऱ्याच्या एखाद्या शिक्षकाने एका आठवड्यात जळगावच्या मूत्रपिंडाच्या दवाखान्याला तीनदा, पतपेढीला दोनदा आणि जमिनीच्या एजंटाला एकदा फोन केला, तर त्यातला एकही शब्द न ऐकता त्याच्या घरात काय चालले आहे ते कळते. म्हणून ‘फक्त नंबरच तर पाहिले, बोलणे थोडेच ऐकले’ हा खुलासा वाटतो तितका निर्धोक नाही.

## कंपनीला आपले काय हवे असते

कंपनीला आपल्याशी वैर नसते. तिला आपल्याला काहीतरी विकायचे असते, किंवा आपल्याला काहीतरी विकू पाहणाऱ्या दुसऱ्याकडून पैसे घ्यायचे असतात. फोनवर एखादे पान उघडताना जी क्षणभराची वाट पाहावी लागते, तेवढ्या वेळात आपल्यासमोर जाहिरात कोणी लावायची याचा लिलाव झालेला असतो. बोली लावणाऱ्याला आपले नाव सहसा माहीत नसते. त्याला आपले वय, गाव, सवयी आणि अलीकडे आपण काय शोधले याचा एक ठोकताळा मिळालेला असतो. एखाद्या माणसाच्या अशा जुळवलेल्या चित्राला प्रोफाइल म्हणतात.

यात बिघडले काय, असे विचारले जाते. केळीचे उदाहरण घेऊ. केळी काढणीवर आली की ती थांबत नाही. कांद्यासारखी चाळीत भरून ठेवता येत नाही. व्यापाऱ्याला जर आधीच कळले की अमुक शेतकऱ्याचा माल चार दिवसांत काढावाच लागणार आहे, त्याच्या मुलीचे लग्न पंधरा दिवसांवर आहे आणि सोसायटीचा हप्ता थकलेला आहे, तर तो बागेत येऊन जो भाव बोलेल तो बाजारभाव नसेल. तो त्या शेतकऱ्याच्या निकडीचा भाव असेल. व्यापाऱ्याने यात चोरी केलेली नाही आणि कोणाला धमकावलेलेही नाही. त्याला समोरच्याविषयी फार माहिती होती आणि समोरच्याला त्याच्याविषयी काहीच नव्हती, एवढेच. कर्जाचा व्याजदर, विम्याचा हप्ता, नोकरीसाठीची छाननी अशा अनेक ठिकाणी प्रोफाइल हेच काम करू शकते आणि तिथे आपल्याला बागेत उभा असलेला व्यापारी दिसतदेखील नाही.

माझ्या परिचयातल्या एका तरुणाने फोनवरून झटपट कर्ज देणाऱ्या एका ॲपकडून थोडी रक्कम घेतली. हप्ता चुकला तेव्हा त्याच्या सासऱ्यांपासून जुन्या शिक्षकांपर्यंत सगळ्यांना फोन गेले, कारण कर्ज घेताना त्याने संपर्कयादी उघडून दिली होती. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा ॲपना संपर्कयादी, छायाचित्रे आणि कॉलच्या नोंदींना हात लावण्यास मनाई केली. त्याचे प्रकरण त्याआधीचे. सासुरवाडीला तो अजून नजर चुकवूनच जातो.

मोठ्या प्रमाणावर काय होते याचे गाजलेले उदाहरण म्हणजे २०१८ चे केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण. फेसबुकवरच्या एका प्रश्नावलीच्या आधाराने, ती न भरलेल्या मित्रमंडळींचीसुद्धा माहिती ओढली गेली आणि ती निवडणूक प्रचाराच्या धंद्यातल्या कंपनीकडे पोहोचली. फेसबुकच्याच अंदाजानुसार जगभरातले ८ कोटी ७० लाखांपर्यंत वापरकर्ते यात सापडले असावेत आणि त्यांत सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीय होते. पुढच्या वर्षी अमेरिकेत फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड झाला.

## सरकारचे दप्तर

सरकारला माहिती लागतेच आणि ती लागते हे मान्य करून पुढे गेले पाहिजे. आपल्या खानदेशाला याचा पहिला अनुभव आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातील टेंभली या गावी, तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत, तिथल्याच एका महिलेला देण्यात आला. ज्यांच्याकडे कोणताच कागद नव्हता त्यांना ओळख मिळावी, हा त्यामागचा सांगितला गेलेला हेतू होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही.

ओळख देणे आणि पाळत ठेवणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाळत म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या हालचालींवर किंवा बोलण्यावर, तिला न कळवता, सातत्याने नजर ठेवणे. यासाठीचा आपला कायदा जुना आहे. १८८५ च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमाने संदेश अडवून पाहण्याचा अधिकार सरकारला दिला. १९९६ मध्ये फोन टॅपिंगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला कुंपण घातले: आदेश गृहसचिवांच्या पातळीवरचा हवा, त्याला मुदत हवी आणि त्याची फेरतपासणी एका समितीने केली पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाने हाच अधिकार संगणकांपर्यंत नेला आणि २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने तो वापरू शकणाऱ्या दहा केंद्रीय यंत्रणांची नावे जाहीर झाली. आता तार कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे. एका आदेशाची मुदत ६० दिवस आणि ती वाढवत नेली तरी १८० दिवसांच्या पुढे नाही, हा जुना नियम २०२४ च्या नियमांतही आहे.

या कुंपणात एक खिंड आहे आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आदेश देणारा सचिव सरकारचा, त्याची फेरतपासणी करणारी समितीही सचिवांचीच, आणि ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला ती संपल्यानंतरही कळवण्याची तरतूद नाही. घराची झडती घ्यायची तर एरवी न्यायाधीशाचे वॉरंट लागते. फोनची झडती घेताना न्यायाधीश कुठेच लागत नाही. परीक्षेचा पेपर काढणारा, तपासणारा आणि पुनर्मूल्यांकन करणारा एकाच स्टाफरूममध्ये बसत असेल, तर त्यांतला प्रत्येक जण सज्जन असूनही निकालावर विश्वास बसणे अवघड जाते.

## मधली वाट

आता ती तिसरी गोष्ट. काका सरकारच्या दप्तराविषयी बोलत होते आणि पुतण्या कंपनीच्या वहीविषयी. परंतु या दोन्हींच्या मधून एक पायवाट पडली आहे आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंनी वर्दळ आहे.

कंपनीकडून सरकारकडे जाणारी वर्दळ जगाला जून २०१३ मध्ये दिसली. एडवर्ड स्नोडेन याने उघड केलेल्या कागदपत्रांतून कळले की, ‘प्रिझम’ नावाच्या कार्यक्रमाखाली अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था मोठमोठ्या इंटरनेट कंपन्यांकडून वापरकर्त्यांची माहिती मिळवत होती. म्हणजे पाळत ठेवण्यासाठी सरकारला वेगळी यंत्रणा उभारण्याची फारशी गरजच पडली नाही; लोकांनी स्वतःहून भरून दिलेल्या वह्या तयार होत्या.

मागण्याऐवजी विकत घेणे हा त्याहून सोपा मार्ग. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, कोणाच्या मोबाईलच्या हालचालींचा दीर्घ इतिहास पोलिसांना हवा असेल तर वॉरंट घ्यावे लागेल, असे ठरवले. पण लोकांच्या ठिकाणांची माहिती गोळा करून विकणारे व्यापारी, ज्यांना डेटा ब्रोकर म्हणतात, ते तिथे उघडपणे धंदा करतात. आणि बाजारात विकत मिळणारी वस्तू घ्यायला वॉरंट कशाला, असा युक्तिवाद पुढे आला. अमेरिकी गुप्तचर यंत्रणा अशी माहिती विकत घेतात, हे तिथल्या सरकारच्याच जून २०२३ मध्ये खुल्या केलेल्या अहवालात मान्य केलेले आहे. पुढच्या दाराला न्यायालयाने कुलूप लावले आणि मागच्या दारी दुकान निघाले.

उलट्या दिशेची वर्दळ आपल्याच देशात झाली. वाहन नोंदणी आणि वाहनचालक परवान्यांची माहिती आपण आरटीओ कार्यालयात कायद्याने भाग पडते म्हणून देतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१९ मध्ये ही माहिती घाऊक प्रमाणात देण्याचे धोरण आणले आणि त्याच वर्षी संसदेत सांगण्यात आले की ८७ खाजगी संस्थांना हा डेटा उपलब्ध करून दिला असून त्यातून सुमारे ६५ कोटी रुपये मिळाले आहेत. २०२० मध्ये ते धोरण मागे घेण्यात आले. दिलेला डेटा मात्र धोरणाबरोबर परत येत नाही.

चौथा प्रकार पेगॅससचा. इस्रायलच्या एका खाजगी कंपनीने बनवलेले हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर, ती कंपनी सांगते त्याप्रमाणे, फक्त सरकारांनाच विकले जाते. ते भारतातल्या पत्रकारांच्या आणि राजकारण्यांच्या फोनवर वापरले गेल्याचे आरोप जुलै २०२१ मध्ये झाले. सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. तपासलेल्या २९ फोनांपैकी ५ फोनांत काही घातक सॉफ्टवेअर सापडले, ते पेगॅससच होते असे ठामपणे म्हणता आले नाही आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही असे समितीने नोंदवल्याचे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितले गेले. रुमालाखाली हात घालणे इथे निरर्थक ठरते, कारण पाहणारा तळहाताच्या आतच बसलेला असतो.

## ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही’

हा आक्षेप मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे आणि तो सरळ मनाच्या माणसांकडून येतो. त्याचे उत्तर आपल्या भागातल्या पारध्यांच्या वस्त्यांना विचारावे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि पुढे त्याच्या विस्ताराने, इंग्रज सरकारने कित्येक जमातींची नोंद जन्मतःच गुन्हेगार म्हणून केली. त्यांच्या नावांच्या याद्या झाल्या, ठसे घेतले गेले, पोलिसांसमोर हजेरी लावणे आणि गाव सोडताना परवानगी घेणे सक्तीचे झाले. त्यातल्या असंख्य माणसांकडे लपवण्यासारखे काहीही नव्हते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती कायद्याच्या यादीतून मुक्त झाल्या, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. परंतु चोरी झाली की पहिली धाड कोणत्या वस्तीवर पडते, हे खानदेशात कोणाला सांगावे लागत नाही. कायदा रद्द झाला तरी यादी माणसांच्या डोक्यात राहिली. संगणकात राहिलेली यादी डोक्यातल्या यादीपेक्षा पक्की असते.

म्हणजे प्रश्न आपण काही लपवतो का, हा नसून आपल्याविषयीच्या नोंदीचा अर्थ उद्या कोण लावणार, हा आहे. आणि घराला दार असते ते आत काही पाप चालते म्हणून नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. हा निकाल कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टास्वामी यांच्या आधारविरोधी याचिकेतून निघाला. टेंभलीत सुरू झालेली गोष्ट सात वर्षांनी दिल्लीत अशी वळली. २६ सप्टेंबर २०१८ च्या पुढच्या निकालाने आधार योजना बहुमताने वैध ठरवली, पण खाजगी कंपन्यांनी आधारची मागणी करण्याला मुभा देणारे कलम खोडले. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन बँका आणि मोबाईल कंपन्यांना, ग्राहक स्वखुशीने देत असेल तर, आधार वापरण्याची वाट पुन्हा मिळाली. सिमकार्ड घ्यायला गेलेला माणूस ही स्वखुशी किती वेळा नाकारू शकतो, हे काउंटरवर उभे राहून पाहावे.

## ‘मग गुन्हेगार सापडणार कसे?’

भुसावळ स्थानकावर गाडीतून उतरून गर्दीत मिसळलेला चोर टॉवरच्या नोंदीवरून सापडत असेल, तर त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. २०१७ च्या निकालातून निघालेली कसोटी समजायला सोपी आहे: पाळतीमागे कायदा हवा, तिचा हेतू रास्त हवा आणि ती हेतूच्या मानाने जास्त नको. एका बांधावरच्या चोरीसाठी त्या बांधावरच्या पावलांचे ठसे घेणे वेगळे आणि चोरी होण्याआधीच साऱ्या शिवारातल्या लोकांच्या चपलांचे माप घेऊन ठेवणे वेगळे. पहिल्याला तपास म्हणतात. दुसऱ्याने चोर लवकर सापडेलही, पण त्या दिवसापासून गावातला प्रत्येक माणूस संशयित म्हणून नोंदलेला असतो.

## ‘कंपनीला तर आपणच होकार दिला ना?’

दिला, पण कसा ते पाहू. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने आपले धोरण बदलले आणि मान्य करा, नाही तर सोडा, असा पर्याय ठेवला. ज्याच्या मुलांच्या शाळेचा गट, भिशीचा गट आणि केळीचे रोजचे भाव सांगणारा गट त्याच ॲपवर आहेत, त्याला ‘सोडा’ हा पर्याय कागदावरच असतो. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच कारणाने मूळ कंपनी मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला आणि प्रकरण अपिलात गेले. गावात एकच विहीर असेल तर तिच्या मालकाने ‘पटत नसेल तर दुसरीकडे पाणी भरा’ म्हणणे, याला मी होकार घेणे म्हणणार नाही.

पुतण्याच्या बाजूने एवढे मात्र म्हटले पाहिजे की सरकार पाच वर्षांनी बदलता येते. कंपनीच्या संचालकांना आपण मत देत नाही. आणि काकांच्या बाजूने हे की कंपनी आपल्याला अटक करू शकत नाही, रेशन बंद करू शकत नाही. वही कंपनीची मोठी, दंडुका सरकारचा मोठा.

## नवा कायदा कोणाला किती बांधतो

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरची बहुतेक बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. कशासाठी माहिती घेतो ते सांगणे, तेवढ्यापुरताच होकार घेणे, दिलेला होकार तितक्याच सहजपणे परत घेता येणे, चुकीची नोंद दुरुस्त करणे किंवा पुसणे, हे सगळे त्यात आहे. मोठ्या चुकीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. हे स्वागतार्हच आहे. दंड मात्र सरकारी तिजोरीत जमा होतो आणि ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मिळवून देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ४३अ कलम, हा कायदा पूर्ण लागू झाला की, वगळले जायचे आहे. बैल चोरणाऱ्याला दंड झाला, पण ज्याचा बैल गेला त्याच्या दावणीला काहीच आले नाही, असा हा न्याय झाला.

सरकारसाठी या कायद्याचे माप निराळे आहे. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार ज्या सरकारी यंत्रणांची नावे अधिसूचित करील, त्यांना १७ व्या कलमाखाली हा कायदा लागू होत नाही. अनुदान आणि सरकारी लाभ देण्यासाठी काही परिस्थितीत वेगळा होकारही लागत नाही. तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाचे सदस्य केंद्र सरकारच नेमते. त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातही बदल केला असून, एखादी माहिती वैयक्तिक आहे एवढ्या कारणावरून ती नाकारणे आता कार्यालयांना पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. सरकारला आपण अधिक दिसू लागलो आणि आपल्याला सरकार थोडे कमी दिसू लागले.

त्यातही ३६ वे कलम फारसे चर्चेत आले नाही. ते लागू झाले की त्यानुसार माहिती बाळगणाऱ्या कोणत्याही कंपनीकडून केंद्र सरकार माहिती मागू शकेल आणि नियमांप्रमाणे, देशाच्या सुरक्षेला बाध येईल असे वाटल्यास, अशी मागणी झाल्याचे त्या व्यक्तीला कळू न देण्याची अटही घालता येते. मघाच्या पायवाटेवर आता कायद्याचा मैलाचा दगड बसला आहे. तिच्यावर नाका मात्र बसलेला नाही. माझ्या मते, न्यायाधीशाच्या सहीशिवाय ही वाट उघडू नये एवढी एक दुरुस्ती झाली असती, तरी काका आणि पुतण्या दोघांचेही बरेचसे समाधान झाले असते.

## घरबसल्या काय करता येते

फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या ॲपला कशाची परवानगी आहे ते पाहणे आणि नको ती काढणे, हे अर्ध्या तासाचे काम आहे. काकांच्या फोनमधून त्या दिवशी ते बॅटरीचे ॲप गेले. बॅटरी फोनमध्ये मुळातच होती. दुकानात बिल करताना मोबाईल नंबर सांगणे बंधनकारक नाही आणि ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना तसे बजावलेही आहे, तेव्हा ‘नंबर देणार नाही’ एवढे म्हणून पाहावे. आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली प्रत देता येते.

आधारच्या ॲपमध्ये आपल्या ठशांना कुलूप घालण्याचीही सोय आहे आणि ती महत्त्वाची आहे, कारण खरेदीखतांसारख्या दस्तांवरून अंगठ्याचे ठसे उचलून बँक खात्यातून पैसे काढल्याचे प्रकार देशात उघडकीस आलेले आहेत. मी माझ्या ठशांना कुलूप घातले. मग नंदुरबारकडच्या आमच्या शेतमजूर ओळखीच्या बाईंनाही ते घालून द्यावे म्हणून बसलो, तेव्हा लक्षात आले की त्यांना दर महिन्याला रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लावावा लागतो. प्रत्येक वेळी आधी कुलूप काढायला फोन आणि आधारला जोडलेला चालू नंबर लागतो, आणि त्यांच्या घरातला एकच फोन मुलगा ऊसतोडीला जाताना घेऊन गेलेला होता. त्यांच्या ठशांना कुलूप घातलेले नाही.